हॅमरला लावलेलं कुंकू

"नारळ फोडायचा असेल तर गॉगल घालावा लागेल," डीटर म्हणाला. "आणि हेल्मेट."

मी ते शालनला, माझ्या बायकोला, मराठीत सांगितलं. ती पूजेचं ताट घेऊन हॅमरसमोर उभी होती. तिला वाटलं मी थट्टा करतोय. डीटरनं स्वतः एक पिवळं हेल्मेट आणून तिच्यापुढं धरलं, तेव्हा तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि पदरावरून हेल्मेट घातलं. कारखान्यातल्या शॉपमधली माणसं हसली. तीही हसली. कुणीतरी फोटो काढला. तो माझ्याकडं आहे, पण भिंतीवर लावलेला नाही. भिंतीवर दुसरा आहे, हार घातलेला.

हे जर्मनीत घडलं, डोंगरातल्या एका लहान गावात. गावाचं नाव मला आजही नीट म्हणता येत नाही. शालन त्याला भट्टीचं गाव म्हणायची. तिथं एकच मोठा कारखाना होता, फोर्जिंगचा. ट्रकचे क्रँकशाफ्ट तिथं तापलेल्या लोखंडातून हॅमरनं ठोकून काढत. तो कारखाना आमच्या साताऱ्याच्या कंपनीनं विकत घेतला होता. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या एमआयडीसीत पेढे वाटले. आमचे एक जुने फोरमन म्हणाले, "आजवर यांची जुनी मशिनं आपण भंगाराच्या भावात आणली. आता मालकच झालो." मीही पेढा खाल्ला. चांगला लागला.

माझं नाव हणमंत खराडे. मी साताऱ्याच्या हॅमर शॉपमध्ये मेंटेनन्सला होतो. तिथलं काम समजून घ्यायला कंपनीनं मला वर्षभरासाठी पाठवलं. मुलगी लग्न होऊन गेली होती, घरात दोघंच होतो, म्हणून शालनलाही नेलं.

डीटर तिथला हॅमरचा फोरमन. माझ्याहून थोडा मोठा, उंच, एका कानानं कमी ऐकणारा. फोर्जिंगमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाचा एक कान गेलेलाच असतो. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी एकाच इयत्तेतलं, त्यामुळं आमचं जमलं. त्याला ख म्हणता यायचा नाही, तो मला कराडे म्हणायचा. मी एकदा सांगितलं की कऱ्हाड हे माझ्या सासुरवाडीजवळचं गाव आहे, तेव्हापासून तो मुद्दामच म्हणायला लागला.

त्याचे वडील त्याच हॅमरवर होते. हॅमर दोन मजली घराएवढा. त्याचा घाव पडला की सगळं गाव हलायचं. डीटरच्या घरी भिंतीतल्या कपाटात कप ठेवलेले असत आणि प्रत्येक दोन कपांमध्ये त्याच्या बायकोनं कागदाची घडी घातलेली असे, कप एकमेकांवर आपटू नयेत म्हणून. रेनाटे तिचं नाव. शालनला ते फार आवडलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्या तासभर स्वयंपाकघरात बसत आणि शालन घरी येऊन मला रेनाटेच्या सासूचा स्वभाव सांगे. कसं कळलं विचारलं तर म्हणे, "कळतं."

खंडेनवमीची पूजा ही इनामदार साहेबांची कल्पना. साहेब आमचे व्हाइस प्रेसिडेंट, तिकडचा कारखाना त्यांच्याकडं होता. ते साताऱ्याहून त्या आठवड्यात आले होते. मला म्हणाले, "खराडे, आपल्याकडं सगळ्या शॉपमध्ये पूजा होणार. इथलाही कारखाना आपलाच. वहिनींना घेऊन या, बाईमाणसाच्या हातचं बरं दिसतं."

शालनला उत्साह आला. हळदकुंकू तिनं येतानाच आणलं होतं. नारळ शहरातल्या दुकानात मिळाला. झेंडू कुठून आणायचा हा प्रश्न होता, तो रेनाटेनं सोडवला. तिच्या बागेत झेंडू होता. थंडी पडायला लागली होती, फुलं आता टिकणार नव्हती, तिनं सगळी तोडून टोपलीभर आणून दिली. शालननं तिला दोऱ्यात ओवायला शिकवलं आणि दोघींनी मिळून हॅमरला पुरेल एवढा हार केला.

पूजेच्या दिवशी हॅमर बंद ठेवला, धुतला, पुसला. शालननं खांबावर हळदीकुंकवाची बोटं ओढली. हार घातला. ओवाळलं. साहेबांनी गॉगल लावून नारळ फोडला. मग ते इंग्रजीत बोलले आणि ऑफिसातल्या एका बाईनं ते जर्मनमध्ये सांगितलं. साहेब म्हणाले, आमच्याकडं यंत्राला घरातलं माणूस मानतात, आजपासून हा हॅमर आमच्या घरातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डीटरनं टोपी काढून हातात धरली होती. शालननं सगळ्यांना खोबरं आणि साखर वाटली. एका म्हाताऱ्या वेल्डरनं खोबरं रुमालात बांधून घरी नेलं.

ते वर्ष मंदीचं होतं. ट्रक खपत नव्हते. पलीकडच्या शहरातला एक कारखाना बंद पडला होता, दुसऱ्यानं निम्मी माणसं काढली होती. आमच्याकडंही कुजबुज होती की भारतातले मालक कुलूप लावणार. पूजेनंतर ती कुजबुज थांबली. कँटीनमध्ये माणसं माझ्याशी जास्त बोलायला लागली. एकानं विचारलं की ट्रकच्या केबिनलाही ते लाल लावता येतं का.

त्या रविवारी डीटरनं आम्हाला कॉफीला बोलावलं. रेनाटेनं आलुबुखाराचा केक केला होता. डीटर नेहमीसारखा बोलत नव्हता. कॉफी झाल्यावर त्यानं सांगितलं की दूरच्या एका शहरातल्या कारखान्यानं त्याला बोलावलंय. फोरमनचीच जागा. महिनाअखेर कळवायचं. मंदीत अशी जागा परत येणार नाही. त्याच्या वयाच्या माणसाला तर नाहीच. रेनाटेचं म्हणणं होतं, जावं. त्याचं मन होत नव्हतं.

मी म्हणालो की यात मी काय सांगणार. मला खरंच काही माहीत नव्हतं. साताऱ्याच्या ऑफिसात काय ठरतं ते मेंटेनन्सच्या माणसाला कोण सांगतं.

डीटर म्हणाला, "तुला नाही विचारत. तिला विचार. तिनं पूजा केली." आणि तो शालनकडं वळून बसला. "तुमच्याकडं कुठल्या मशीनची अशी पूजा करतात?"

मी सांगितलं. शालन म्हणाली, "आपल्या असतील त्या सगळ्यांची. घरातली विळीसुद्धा पुजतो."

"आणि जी विकायची असेल ती?"

शालनला हसू आलं. "विकायचीय तिला कोण हार घालतंय?"

मी जसंच्या तसं सांगितलं. डीटरनं रेनाटेकडं बघितलं. ती शालनकडं बघत होती. ती बराच वेळ शालनकडं बघत राहिली, मग उठून तिनं केकचा आणखी एक तुकडा शालनच्या ताटलीत ठेवला. आठवड्यानंतर डीटरनं मला हॅमरखाली उभं राहून, ओरडून सांगितलं, कारण हॅमर चालू असताना दुसरं कसं सांगणार, की त्यानं त्या कारखान्याला नकार कळवला.

मी घरी येऊन शालनला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. ती बाग सोडून कुठं गेली असती रेनाटे."

नाताळच्या सुट्टीआधी इनामदार साहेब परत आले. बरोबर दोन इंजिनिअर आणि नकाशे. मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. हॅमर साताऱ्याला न्यायचा होता. सुटा करून, भाग मोजून, ट्रेलरवर, मग जहाजावर. गिऱ्हाइकांशी बोलणं झालं होतं, तेच क्रँकशाफ्ट आता साताऱ्याहून येणार होते. इथला कारखाना बंद. काढायच्या कामाला आपलेच फिटर येणार, पण हॅमरची खोड डीटरला माहीत, म्हणून तो शेवटपर्यंत लागणार. जो शेवटपर्यंत थांबेल त्याला भरपाई पूर्ण मिळणार.

मी विचारलं, "साहेब, साताऱ्यात बसवणार कुठं? फाउंडेशनलाच सहा-सात महिने जातील."

साहेब म्हणाले, "ते झालंय. गणपतीतच खड्डा काँक्रीटनं भरून घेतला. नवीन शेडमध्ये."

 साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. माझ्या मुलीच्या लग्नाला ते बायकोसह आले होते, पंगतीत बसून जेवले होते. त्यांनी माझा चेहरा बघितला असावा. म्हणाले, "खराडे, आपण घेतला नसता तर हा कारखाना तेव्हाच बंद पडला असता. आपण त्यांना वर काही वर्षं दिली. आता त्या हॅमरवर आपली दोनशे पोरं लागतील. सातारा, कोरेगाव, कऱ्हाडची. यांनी आपल्याला काय दिलं होतं? भंगार."

"मग पूजा कशाला केली?"

"खंडेनवमी होती म्हणून. पूजा चुकवतात का?" मग नकाशा गुंडाळत ते म्हणाले, "आणि माणसं शांत राहिली. शेवटची ऑर्डर वेळेत गेली."

घरी आल्यावर मी शालनला सांगितलं. ती कणीक मळत होती. तिनं हात थांबवले नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"खड्डा कधी भरला म्हणालात?"

"गणपतीत."

"म्हणजे खंडेनवमीच्या आधी."

"आधी."

ती मळत राहिली. त्या कणकेच्या पोळ्या काही झाल्या नाहीत. आम्ही ब्रेड खाल्ला.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये नोटीस लागली. कुणी आरडाओरडा केला नाही. मला वाटलं होतं माणसं माझ्या अंगावर येतील. आली नाहीत. ती मला वाट देत होती, एवढंच. जेवायच्या टेबलावर माझ्यासमोरची खुर्ची रिकामी राहायला लागली. त्या म्हाताऱ्या वेल्डरनं नोटीस वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

शालन म्हणाली, आपण त्यांच्या घरी जायचं. मी म्हणालो, आत्ता नको. ती म्हणाली, "तुम्ही थांबा, मी जाते." भाषा येत नसताना ती काय बोलणार होती? मी गेलो तिच्याबरोबर.

दार रेनाटेनं उघडलं. डीटर आत होता, पण तो बाहेर आला नाही. पायऱ्यांवर त्याचे बूट होते. रेनाटेनं आम्हाला बसवलं. कॉफीही दिली. ती तिकडची रीत आहे की ती तशीच होती, मला माहीत नाही. कपाटात कप होते आणि कपांमध्ये कागद.

शालन मला म्हणाली, "त्यांना सांगा, मला माहीत नव्हतं."

मी रेनाटेला सांगितलं. तिचं इंग्रजी माझ्याहून कमी होतं, पण एवढं तिला कळलं. ती म्हणाली, "तिला माहीत नव्हतं, ते मला माहीत आहे."

मग तिनं सांगितलं की डीटरनं त्या कारखान्याला फोन केला होता. ती जागा भरली. ज्याला मिळाली तो डीटरच्या हाताखाली शिकलेला.

शालननं पिशवीतून डबा काढला. बेसनाचे लाडू केले होते. तो डबा तिनं टेबलावर ठेवला. रेनाटेनं तो उघडला नाही आणि परतही केला नाही. आम्ही उठलो. दारात शालन वाकली. मला वाटलं ती रेनाटेच्या पाया पडते की काय. ती चपला घालत होती. पण तिला चपला घालायला फार वेळ लागला.

जानेवारीत आमचे फिटर आले. सगळे कोरेगाव, वाईकडचे. उसन्या जाकिटात कुडकुडत, बर्फाचे फोटो काढून घरी पाठवत. त्यांचा काय दोष. त्यांतल्या एकानं डीटरला "मामा" म्हणायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनी तेच उचललं. डीटरनं अर्थ विचारला. मी आईचा भाऊ असं सांगितलं. त्यानंतर त्या पोरांनी चुकीच्या जागी पहार लावली की तो त्यांचा हात धरून योग्य जागी न्यायचा. हॅमरचा एकही भाग त्यानं दुखावू दिला नाही. मला कधीकधी वाटायचं, हा माणूस एखादा बोल्ट वाकवील, एखादी वायर कापील, आणि मी दुसरीकडं बघीन. त्यानं तसं केलं नाही. प्रत्येक भागावर त्यानं स्वतः खडूनं खूण केली.

शालन त्या पोरांसाठी रोज जेवण घेऊन यायची. भाकरी तिथं जमायची नाही, पोळ्या आणि पिठलं. एक दिवस ती डबे घेऊन शॉपमध्ये आली तेव्हा हॅमरचा खांब क्रेननं उचलून आडवा ठेवला होता. त्यावर खंडेनवमीची बोटं अजून होती. तेलानं काळपट झाली होती, पण दिसत होती. डीटर गुडघे टेकून बसला होता. त्याच्या हातात फडकं, शेजारी डब्यात रॉकेल. तो कुंकू पुसत होता.

शालन जागेवर उभी राहिली. मला म्हणाली, "अहो, त्यांना थांबवा."

मी जाऊन डीटरच्या चांगल्या कानापाशी वाकलो. म्हणालो, राहू दे, तेवढ्यानं काही अडत नाही.

तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "जहाजवाल्यांचा नियम आहे, कराडे. लोखंड स्वच्छ हवं."

असा नियम नव्हता. तो पुसत राहिला. बोटं केव्हाच निघून गेली होती, तरी पुसत राहिला. रंग निघाला, खालचं लोखंड दिसायला लागलं. आमची पोरं डबे उघडून बसली होती, त्यांतल्या एकाचं लक्ष गेलं आणि तो जेवायचा थांबला. आपल्याकडं कुणाचं कुंकू पुसताना बघितलं की जेवण जात नाही. शालननं डबे तिथंच ठेवले आणि ती निघून गेली. ती पुन्हा शॉपमध्ये आली नाही. मीच डबे न्यायचो.

ट्रेलर गेले त्या दिवशी गावातली माणसं रस्त्याच्या कडेला उभी होती.  लहान मुलांनी हात हलवले, कारण ट्रेलर फार मोठे होते. डीटर फाटकात उभा होता. शेवटचा ट्रेलर वळेपर्यंत उभा राहिला, मग फाटक ओढून घेतलं.

माझी तिथली मुदत थोडी उरली होती. रिकामा कारखाना ताब्यात द्यायचा होता, चाव्या मोजून द्यायच्या होत्या. डीटरच्या चाव्या आल्या नव्हत्या. मी मागितल्या नाहीत.

फेब्रुवारीत एका सकाळी झाडलोट करणाऱ्या बाईला तो हॅमरच्या खड्ड्यात सापडला. हॅमर निघून गेल्यावर तो खड्डा तसाच उघडा होता, दोन पुरुष खोल, कडेनं नुसती दोरी. दोरी जागेवर होती. पोलीस म्हणाले, अंधारात पाय घसरला असेल. मला विचारलं, मीही म्हणालो, असेल. त्या शॉपमध्ये डोळे मिटून चालणारा माणूस होता तो.

साहेबांचा साताऱ्याहून फोन आला. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. म्हणाले, कंपनीतर्फे फुलं घेऊन जा, वहिनींनाही न्या.

स्मशानात बर्फ बाजूला करून खड्डा काढला होता. लोक रांगेनं जाऊन मूठभर माती टाकत होते आणि रेनाटेचा हात हातात घेत होते. मीही घेतला. तिनं घेऊ दिला. शालन रांगेत आली नाही. ती फाटकाशी उभी राहिली आणि तिथूनच तिनं हात जोडले. रेनाटेनं तिकडं बघितलं. मान हलवली की नाही, मला सांगता येणार नाही. मी लांब होतो.

आम्ही परत आलो. आमचं घर एमआयडीसीपासून फार लांब नाही. नवीन शेडमध्ये हॅमर उभा राहिला. सुरू करायच्या दिवशी मोठी पूजा ठरली, पेपरवाले येणार होते. कुणीतरी तो हेल्मेटवाला फोटो साहेबांना दाखवला होता आणि साहेबांच्या मनात आलं की इथंही वहिनींच्याच हातून व्हावी. मी शालनला विचारलं, ती नको म्हणाली. तेव्हा साहेब स्वतः घरी आले. शालननं त्यांना चहा दिला, मुलांची चौकशी केली. साहेबांनी विषय काढला.

ती म्हणाली, "माझ्या हातचं कुंकू त्याला लागत नाही, साहेब."

साहेबांना वाटलं काहीतरी बायकी अडचण असेल. ते चहा पिऊन गेले. पूजा दुसऱ्या कुणाच्या तरी हातून झाली. हॅमर सुरू झाला. साहेब बोलले होते ते खोटं नव्हतं, दोनशे पोरं लागली. माझा पुतण्याही लागला. त्याच पगारावर त्यानं घर बांधलं. मी निवृत्त होईपर्यंत त्याच हॅमरवर होतो. खांबावर जिथं डीटरनं रंग काढला होता, तिथं दर वर्षी नवा रंग लावायचे आणि दर वर्षी तो तिथंच पोपडा धरायचा.

वारा पश्चिमेकडून असला की हॅमरचा आवाज घरात यायचा. आमच्या मांडणीतले कप हलायचे नाहीत, तेवढं आमचं घर जवळ नव्हतं. तरी शालननं कपांमध्ये कागदाच्या घड्या घातल्या. नातेवाईक विचारायचे, हे कशाला. ती म्हणायची, सवय. खंडेनवमीला ती घरातली विळी, कोयता, माझे पाने, सगळं पुसून मांडायची. फुलं वाहायची. कुंकू मला लावायला सांगायची. मी कधी कारण विचारलं नाही. मला वाटायचं मला कळतंय.

गेल्या वर्षी ती आजारी पडली. शेवटी तिला कऱ्हाडच्या दवाखान्यात ठेवलं, तिच्या माहेरापासून जवळ. एक दिवस दुपारी ती बरी होती, उशाला टेकून बसली होती. खिडकीतून बाजाराचा रस्ता दिसत होता, कुणीतरी गाय घेऊन चाललं होतं. ती म्हणाली, "आमची तांबडी ह्याच रस्त्यानं नेली होती बाबांनी."

तांबडी म्हणजे तिच्या लहानपणीची गाय. मी ते नाव आधी ऐकलं होतं. विकली होती, एवढंच माहीत होतं.

ती म्हणाली, "बाजारात न्यायच्या दिवशी आईनं तिला आंघोळ घातली. शिंगांना हिंगूळ लावला. कपाळावर कुंकू लावलं, ओवाळलं, पुरणाची पोळी चारली. मला वाटलं आज बेंदराचा सण. मी गोठ्यात नाचत होते. तांबडीलाही तेच वाटलं असणार, मान हलवत होती. मग बाबांनी दावं सोडलं." रस्त्यावरची गाय दिसेनाशी झाली होती. "जाणाऱ्यालाही कुंकू लावतात. मला ठाऊक होतं की. डीटरनं विचारलं तेव्हा मी काय सांगितलं?"

मी तिचा हात धरला. म्हणालो, "तू लहान होतीस, शालन."

"तांबडीच्या वेळी होते," ती म्हणाली. "तिथं नव्हते."

 गौरी येऊन गेल्या त्या आठवड्यात ती गेली.

तिला साताऱ्याला घरी आणलं. न्यायच्या आधी भावकीतल्या बायका आल्या. मला बाहेर जा म्हणाल्या, मी गेलो नाही, दाराशी उभा राहिलो. त्यांनी तिला आंघोळ घातली, हिरवी साडी नेसवली, बांगड्या भरल्या. मग तिच्या पुतणीनं कुंकवाचा करंडा घेऊन सगळं कपाळ भरलं, केसांपर्यंत. सवाष्ण गेली, भाग्याची आहे, असं म्हातारी चुलती म्हणत होती. वारा पश्चिमेचा होता, हॅमरचा आवाज येत होता.

शालनचा चेहरा सणाला निघाल्यासारखा दिसत होता. मग माणसांनी तिला उचललं.